दुसऱ्याचा व्हिडिओ आपल्या पानावर: लिंक दिली, एम्बेड केला की उचलला?

माडाखालचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न कायद्याचा आहे, पण आधी काय घडलं ते सांगतो.

आम्ही तिघे मित्र २०१७ पासून आमच्या गावाची वेबसाइट चालवतो. गाव सिंधुदुर्गातलं. साइटवर जाहिरात नाही, वर्गणी नाही, होस्टिंगचा खर्च तिघांत वाटून घेतो. त्यात 'जत्रेची रात्र' असं एक पान आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतर आमच्याकडे देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतार चालतो. मुंबईत, पुण्यात, आखातात असलेली आमची माणसं त्या दिवसांत हे पान उघडून बसतात. माझी आई शेवटचं वर्षभर अंथरुणावर होती. संकासुराचा आड दशावतार, म्हणजे मुख्य नाटकाआधीचा भाग, तिने याच पानावर पुन्हा पुन्हा पाहिला. म्हणून या पानात माझा जीव आहे.

पानावर ६२ व्हिडिओ होते आणि त्यातला एकही आमचा नव्हता. लोकांनी यूट्यूबवर टाकलेले शोधायचे, 'शेअर'मध्ये जाऊन एम्बेडचा कोड घ्यायचा, आपल्या पानावर चिकटवायचा, खाली नाटक आणि मंडळीचं नाव लिहायचं. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या महिन्यात १४ चौकोन काळे झाले. त्यावर यूट्यूबचा संदेश, की व्हिडिओच्या मालकाने इतर वेबसाइटवर तो चालणं बंद केलंय. त्याच आठवड्यात त्या १४ व्हिडिओंच्या मालकाची मेल आली. न विचारता माझे व्हिडिओ वापरलेत, तीन दिवसांत काढा, नाहीतर पोलिसांत जातो. मेल वाचून आमच्यातला एक जण घाबरला आणि एक जण चिडला. चिडलेल्याने त्यातले चार व्हिडिओ कुठल्याशा साइटवरून उतरवून घेतले आणि थेट आमच्या सर्व्हरवर चढवले. म्हणाला, आता बंद करून दाखव म्हणावं.

मला रात्रभर झोप लागली नाही. एम्बेड केला म्हणजे आम्ही चोरी केली का? आणि या चारांचं काय?

कोडकर

ते चार व्हिडिओ सर्व्हरवरून काढा. आज रात्रीच. बाकीचं नंतर वाचा.

आता यंत्र कसं चालतं ते सांगतो, कारण जगभरच्या न्यायालयांतला अर्धा वाद त्यावरच आहे. साधी लिंक म्हणजे पत्ता. वाचक त्यावर टिचकी मारतो आणि तुमचं पान सोडून यूट्यूबवर जातो. एम्बेड म्हणजे तुमच्या पानात एक आयफ्रेम, म्हणजे खिडकी असते आणि तिच्या कोडमध्ये फक्त यूट्यूबचा पत्ता असतो. वाचकाचा मोबाइल तो पत्ता वाचतो आणि व्हिडिओ परस्पर यूट्यूबच्या सर्व्हरकडून मागवून घेतो. तुमच्या होस्टिंगवर व्हिडिओचा एक कणसुद्धा येत नाही. व्ह्यू मालकाच्या खात्यात मोजला जातो, जाहिरात लागली तर ती त्याच्या चॅनेलची. त्याने व्हिडिओ खाली घेतला की तुमची खिडकी काळी.

तुमच्या मित्राने केलं ते यापेक्षा सर्वस्वी वेगळं आहे. त्याने प्रत केली आणि ती आपल्या कपाटात ठेवली. आता व्ह्यू तुमचे. मालकाने मूळ व्हिडिओ काढला तरी तुमच्याकडचा चालूच राहणार, त्याचं त्यावर काहीच नियंत्रण उरत नाही.

यूट्यूबच्या अटींत व्हिडिओ टाकणारा माणूस यूट्यूबला परवाना देतोच, शिवाय इतर वापरकर्त्यांनाही देतो, पण तो यूट्यूबने दिलेल्या सोयींपुरता. त्या सोयींत एम्बेडचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे. मालकाला ती सोय प्रत्येक व्हिडिओपुरती बंद करता येते. तुमच्या माणसाने तेच केलं. डाउनलोड करून दुसरीकडे चढवायची मुभा त्या परवान्यात नाही. अपवाद एकच, मालकाने व्हिडिओ टाकताना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडला असेल तर नाव देऊन पुन्हा वापरता येतो. वर्णनाच्या खाली ते लिहिलेलं असतं.

प्लेयरचे नियमही पाळा. तो २०० बाय २०० पिक्सेलपेक्षा लहान करायचा नाही, त्याच्यावर आपली पट्टी किंवा लोगो चढवायचा नाही, जाहिरात झाकायची नाही.

माडाखालचा

चारही काढले. बॅकअपमधूनही पुसले. मित्राशी बोललो, त्यालाही पटलं. धन्यवाद कोडकर.

काळाकोट

पुण्यात वकिली करतो, कॉपीराइटची कामं बरीच असतात. इथलं लिखाण समजून घेण्यापुरतं, रीतसर नोटीस आली तर कागद घेऊन वकिलाला भेटा.

आपला कायदा १९५७ चा, त्यात मोठी दुरुस्ती २०१२ ची. 'एम्बेड' हा शब्द त्यात कुठेही नाही. म्हणून तीन-चार कलमं एकत्र वाचावी लागतात.

चार व्हिडिओंचा प्रश्न सोपा आहे. कलम १४ प्रमाणे चित्रफितीची प्रत करण्याचा हक्क मालकाचा, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हीसुद्धा प्रतच, हे २०१२ पासून कायद्यातच लिहिलेलं आहे. परवानगी नसेल तर उल्लंघन. पैसे कमावले नाहीत म्हणून ते उल्लंघन राहत नाही असं होत नाही, शिक्षा ठरवताना तेवढा विचार होतो.

एम्बेडचा प्रश्न खरा विचार करायला लावणारा. कलम २(एफएफ) मध्ये 'जनतेपर्यंत पोचवणे' याची व्याख्या आहे आणि ती फार रुंद आहे. लोकांना पाहता-ऐकता यावं म्हणून कलाकृती कुठल्याही मार्गाने उपलब्ध करून देणं, मग प्रत्यक्ष कुणी पाहो वा न पाहो. मालकाचा वकील म्हणेल, तुमच्या पानावर व्हिडिओ दिसतो म्हणजे तुम्हीच तो उपलब्ध करून दिलात. तुमचा वकील म्हणेल, उपलब्ध मालकानेच केला, यूट्यूबवर, सगळ्या जगासाठी, आम्ही खिडकी लावली, आणि तिची किल्ली शेवटपर्यंत त्याच्याच हातात होती. एम्बेडची सोय चालू असताना लावलेल्या व्हिडिओबद्दल मला दुसरी बाजू जास्त भक्कम वाटते, कारण परवाना यूट्यूबच्या अटींतूनच मिळालेला आहे.

यानंतर कलम ५२(१)(सी). इलेक्ट्रॉनिक दुवे किंवा जोडणी देण्यासाठी होणारी तात्पुरती, आनुषंगिक साठवण हे उल्लंघन नाही. पण दोन अटी आहेत. हक्कदाराने असे दुवे स्पष्टपणे मना केलेले नसावेत, आणि ती प्रत चोरीची आहे हे तुम्हाला माहीत नसावं, किंवा तसं मानायला वाजवी कारण नसावं. कलमाची भाषा साठवणुकीची आहे, एम्बेडमध्ये साठवण जवळपास नसतेच, तरीही कायदा कुठल्या दिशेने पाहतो ते यावरून कळतं. मना केलेलं आहे का आणि माहीत होतं का, हे दोन प्रश्न स्वतःला विचारत जा. तुमच्या १४ व्हिडिओंना आता मालकाने स्पष्ट मनाई केलेली आहे. तिथे आडवळणाने ते पुन्हा दाखवायच्या भानगडीत पडू नका.

या कलमाला परंतुक, म्हणजे जोडून दिलेली अट आहे. मालकाची लेखी तक्रार आली की २१ दिवस ती सोय बंद ठेवायची. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर ती पुन्हा सुरू करता येते. तक्रार कशी असावी हे २०१३ च्या नियमावलीत नियम ७५ मध्ये आहे. कलाकृतीचं वर्णन, मालकीचा पुरावा, कुठल्या पानावर आहे त्याचा तपशील आणि २१ दिवसांत दावा दाखल करण्याची हमी. अशी तक्रार आली की ३६ तासांत पावलं उचलायची असतात. तुमची मेल या साच्यात बसणारी नसेल, पण म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करा असं मी कधीच सांगणार नाही.

निकालांत मायस्पेस ही समाजमाध्यमाची साइट आणि सुपर कॅसेट्स ही संगीत कंपनी यांच्यातला वाचण्यासारखा. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी मायस्पेसच्या विरोधात आदेश दिला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने तो फिरवला. साइटवर कुठेतरी चोरीचा माल असेल अशी सर्वसाधारण शंका पुरेशी नाही, अमुक पत्त्यावरची अमुक कलाकृती असं नेमकं ज्ञान हवं, असं खंडपीठाचं म्हणणं. तो निकाल हजारो लोकांचा मजकूर ठेवणाऱ्या मंचाबद्दल आहे. तुम्ही पानावरचा प्रत्येक व्हिडिओ हाताने निवडता. त्यामुळे 'आम्हाला काय ठाऊक' हे म्हणणं तुमच्या तोंडी तितकं शोभणार नाही.

पोलिसांची भीती खोटी नाही, तेही सांगतो. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केलं. कलमातला महत्त्वाचा शब्द 'जाणूनबुजून'. याची दुसरी बाजूही आहे. कुणी आधार नसताना नुसत्या धमक्या देत असेल तर कलम ६० खाली तुम्हालाही न्यायालयात जाता येतं.

म्युनिकवासी

वकीलसाहेबांनी खिडकीचं उदाहरण पुढे नेलं म्हणून लिहितो. आमच्या शहरात अगदी याच गोष्टीवर खटला चालला होता आणि तो थेट लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयात पोचला.

पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकणारी बेस्टवॉटर नावाची कंपनी. तिने पाण्याच्या प्रदूषणावर सुमारे दोन मिनिटांची फिल्म केली. ती यूट्यूबवर होती, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या परवानगीशिवाय. प्रतिस्पर्धी कंपनीचा माल विकणाऱ्या दोन जणांनी ती आपापल्या वेबसाइटवर फ्रेम करून दाखवली. म्युनिकच्या न्यायालयांतून प्रकरण वर गेलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की फ्रेम केल्याने फिल्म नव्या लोकांपुढे जात नसेल आणि दाखवण्याचं तंत्र तेच असेल, तर ते जनतेपर्यंत नव्याने पोचवणं नव्हे. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्वेन्सन प्रकरणात साध्या लिंकबद्दल त्यांनी हेच म्हटलं होतं. तो वाद स्वीडनच्या पत्रकारांचा होता. त्यांचे लेख वर्तमानपत्राच्या साइटवर सगळ्यांना खुले होते आणि दुसऱ्या साइटने त्यांच्या लिंक दिल्या होत्या.

पण 'नवे लोक' या शब्दांवर गोष्ट संपली नाही. मूळ फिल्म मालकाच्या संमतीने चढवलेली नसेल तर काय? २०१५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने नेमकं तेच तपासायला प्रकरण म्युनिकला परत पाठवलं. २०१६ मध्ये जीएस मीडिया प्रकरणात युरोपीय न्यायालयाचं उत्तर आलं. बेकायदा मजकुराची लिंक देणारा त्यातून नफा कमावत असेल, तर त्याला बेकायदेशीरपणा माहीत होता असं गृहीत धरायचं, नव्हतं हे त्याने दाखवायचं. नफा नसेल तर माहीत होतं हे समोरच्याने दाखवायचं. माडाखालचा, तुमची साइट जाहिरातींशिवाय आहे, त्यामुळे हा फरक इथे असतात तर तुमच्या बाजूने गेला असता.

तुमच्या मित्राने केलं त्याचाही निकाल आहे आणि तो मला फार जवळचा वाटतो, कारण त्यात एक शाळा आहे. वॉल्ट्रॉप गावच्या शाळेतल्या एका मुलीने स्पॅनिशच्या प्रकल्पासाठी कॉर्डोबा शहराचा फोटो एका प्रवासविषयक साइटवरून घेतला. खाली त्या साइटचं नाव लिहिलं. शाळेने तो प्रकल्प आपल्या वेबसाइटवर चढवला. छायाचित्रकार न्यायालयात गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्य केलं. फोटो मूळ साइटवर सगळ्यांना फुकट दिसत होता, तरीही उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर चढवायला परवानगी लागते. कारण कोडकर म्हणाले तेच. मालकाने मूळ जागेवरून काढला तरी तुमच्याकडे तो राहतोच.

मार्च २०२१ चा निकाल तर तुमच्या १४ काळ्या चौकोनांवर जसाच्या तसा लागू पडावा असा आहे. जर्मन डिजिटल ग्रंथालयाचा वाद होता. न्यायालय म्हणालं, मालकाने फ्रेमिंग रोखणारी तांत्रिक व्यवस्था केली असेल आणि कुणी ती चुकवून दाखवत असेल, तर त्याला वेगळी परवानगी हवी.

गारठा

शिकागोजवळ असते. अमेरिकेत न्यायालयांचं आपसांत जुळत नाही.

पश्चिम किनाऱ्याच्या अपील न्यायालयात 'सर्व्हर कसोटी' चालते. परफेक्ट टेन विरुद्ध अॅमेझॉन, २००७. प्रत ज्याच्या सर्व्हरवर, दाखवणारा तो. एम्बेड करणाऱ्याकडे प्रतच नाही, मग त्याने दाखवलं असं म्हणता येत नाही. २०२३ मध्ये हन्ली विरुद्ध इन्स्टाग्राममध्ये त्याच न्यायालयाने ही कसोटी पुन्हा उचलून धरली.

न्यूयॉर्कचे काही न्यायाधीश ती मानत नाहीत. पॉल निकलेन या छायाचित्रकाराने उपासमारीने खंगलेल्या ध्रुवीय अस्वलाचा व्हिडिओ काढला होता. एका प्रसारण कंपनीने तो न विचारता बातमीत एम्बेड केला. २०२१ मध्ये न्यायाधीश रेकॉफ यांनी लिहिलं, की सर्व्हर कसोटी कायद्याच्या शब्दांशी जुळत नाही. कायदा 'दाखवणं' म्हणतो, प्रत कुठे आहे ते विचारत नाही. त्या अस्वलाचे शेवटचे जड पाय टाकणं मी पाहिलंय आणि ते चित्रित करणाऱ्याचं काय झालं असेल तेही जाणवलंय. त्यामुळे मला हा निकाल पटतो.

आमच्या शिकागोच्या अपील न्यायालयात २०१२ मध्ये न्यायाधीश पॉझनर यांच्यापुढे मायव्हिडस्टर नावाच्या साइटचा खटला आला. लोक तिथे इतरत्रच्या व्हिडिओंच्या खुणा ठेवायचे आणि ते तिथेच पाहता यायचे. नाटक कुठल्या थिएटरात लागलंय ते छापणाऱ्या नियतकालिकाशी त्यांनी या साइटची तुलना केली. पत्ता सांगणारा प्रयोग करत नसतो.

कॅमेरावाला

इतका वेळ फक्त वाचत होतो. मी रत्नागिरीकडचा, नमन आणि जाखडीचे कार्यक्रम शूट करतो. माडाखालचा, ती मेल पाठवणारा मी नाही, पण त्याचा राग मला पूर्ण कळतो.

रात्री दहाला उभं राहायचं ते पहाटे पाचपर्यंत. जानेवारीत दव एवढं पडतं की दर दहा मिनिटांनी लेन्स पुसावी लागते. बॅटऱ्या थंडीने लवकर उतरतात, म्हणून सदऱ्याच्या आत छातीशी धरून ठेवतो. साउंडवाल्याला हातापाया पडून मिक्सरमधून एक वायर घ्यायची, नाहीतर मृदंगाखाली गाणं बुडून जातं. मग घरी येऊन एडिट. आमच्या गावात नेट इतकं मंद, की चार तासांचा व्हिडिओ चढवायला तालुक्याला मित्राच्या दुकानात रात्रभर लॅपटॉप ठेवावा लागतो. एवढं करून व्हिडिओ लागला, की दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो उतरवून, माझ्या नावाची पट्टी कापून, फेसबुकवर स्वतःच्या पेजचं नाव लावून टाकतो. तिथे लाखभर व्ह्यू, माझ्याकडे नऊशे.

एम्बेडचं मला तेवढं दुःख नाही, व्ह्यू माझेच असतात. तरी मी वर्षभर एम्बेड बंद ठेवलं होतं. सट्ट्याच्या जाहिरातींनी भरलेल्या एका साइटने आमच्या नमनाचे व्हिडिओ लावले होते. गणाचं गाणं चालू आणि बाजूला जुगाराची जाहिरात. ते पाहिल्यावर सगळ्यांनाच दार बंद केलं. तुमच्या माणसानेही असंच काही पाहिलं असेल. त्याला फोन करा. मेलवर माणूस कडकच लिहितो.

जात्यावरची

कॅमेरावाला दादा, तुमचे कष्ट वाचून गलबलून आलं. तरी एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून बोलते. व्हिडिओत जे दिसतात त्यांचं काय?

मी खेड्यांत फिरून बायकांची गाणी गोळा करते. कायद्यात कलम ३८ पासून कलाकाराचा हक्क आहे. नट, गायक, वादक, नर्तक सगळे त्यात येतात आणि तो ५० वर्षं टिकतो. आपल्या सादरीकरणाचं ध्वनी किंवा चित्रमुद्रण करू द्यायचं की नाही, ते लोकांपुढे न्यायचं की नाही, हे कलाकाराने ठरवायचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३८बी आलं, त्यात आपलं नाव दिलं जाण्याचा आणि सादरीकरणाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क आहे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावरच रचतो. म्हणजे त्या रात्री जे निर्माण झालं ते त्याच्या तोंडून झालं. कॅमेऱ्याच्या मालकाचा चित्रफितीवर हक्क आहेच, पण त्याच्याही आधी राजा, संकासूर, पेटीवाला आणि पखवाजवाला यांना कुणी विचारलं का?

पारी या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभा केलेला. लाखाहून जास्त ओव्या. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. मी माझ्या वहीत तेव्हापासून तसंच लिहायला लागले. आधीच्या दोन वह्यांत नुसत्या ओव्या आहेत, गाणारींची नावं नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. ती नावं आता कुठून आणू?

कॅमेरावाला

ताई, खरं सांगतो. मी देवस्थानाला विचारतो, मंडळाच्या प्रमुखाला विचारतो. बाकीच्यांना विचारलेलं नाही, आणि लेखी तर कुणाचंच नाही. या शिमग्यापासून एक कागद घेऊन जाईन.

काळाकोट

कागद साधा असू दे, मराठीत. चित्रीकरणाला आणि इंटरनेटवर टाकायला संमती, नाव कसं द्यायचं, व्हिडिओतून पैसे आले तर वाटणी कशी, आणि खाली सह्या. कलम ३८ए प्रमाणे कलाकाराने चित्रफितीसाठी लेखी संमती दिली की निर्मात्याला ती वापरायला आडकाठी राहत नाही, मात्र व्यापारी वापरातला मोबदला कलाकाराला मिळायला हवा. ताईंचा मुद्दा मी माझ्या प्रतिसादात सोडला होता, ती चूक माझी.

पाणंद

एक शंका. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी नव्या सिनेमांच्या टेलिग्राम लिंक टाकतो. मी अॅडमिन आहे. मी अडकेन का?

काळाकोट

ग्रुपमधल्या सदस्याच्या कृत्यासाठी अॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, समान हेतू दिसला पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये एका वेगळ्या स्वरूपाच्या गुन्ह्यात हे सांगितलं आहे. पण तुम्हाला माहीत आहे हे आता तुम्हीच लिहिलंत. नुकताच लागलेला सिनेमा टेलिग्रामवर फुकट असेल तर तो चोरीचा आहे हे सांगायला न्यायालय लागत नाही. लिंक काढा, टाकणाऱ्याला समज द्या. थिएटरात चोरून चित्रीकरण करणं आणि तशी प्रत पसरवणं याला २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवलाय.

पाहणाऱ्याबद्दलही लोक घाबरतात म्हणून सांगतो. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे चाचेगिरीचं एक प्रकरण होतं. बंद केलेल्या साइटवर 'पाहणे हा गुन्हा आहे' अशा अर्थाचा इशारा झळकत होता, तो त्यांनी सुधारायला लावला. साइट सरसकट बंद करण्याऐवजी नेमके पत्ते पुराव्यासह मागितले.

दिंडी

आमच्या मंडळाने यूट्यूबवरचा चित्रपट पडद्यावर दाखवला तर? तिकीट नाही.

कोडकर

नाही. यूट्यूबच्या अटी वैयक्तिक पाहण्यापुरत्या आहेत, जाहीर खेळ त्यात बसत नाही. तिकीट नसलं तरी तो जाहीर खेळच. चित्रपटाच्या मालकाकडून परवानगी घ्या.

काळाकोट

सहमत. मुदत संपलेले चित्रपट मात्र दाखवता येतात. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र', प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' यांची मुदत कधीच संपली. गाण्यांचं वेगळं तपासा, कारण गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात.

माडाखालचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

काल त्याला फोन केला. शेजारच्याच तालुक्यातला, वय पंचविशीचं, दिवसा गॅरेजमध्ये काम करतो. पहिली पाच मिनिटं तो फक्त बोलत होता आणि मी ऐकत होतो. "रात्रभर थंडीत मी उभो रवलंय, माझा नाव खंय?" हे वाक्य त्याने दोनदा म्हटलं. आणि त्याचं खरं होतं. आम्ही प्रत्येक व्हिडिओखाली नाटकाचं नाव लिहिलं होतं, मंडळीचं लिहिलं होतं, त्याचं कुठेच नव्हतं. यूट्यूबच्या खिडकीत बारीक अक्षरांत दिसतं तेवढंच. मी माफी मागितली. ते चार व्हिडिओ आम्ही चढवले होते आणि काढले, हेही सांगितलं. लपवून ठेवणं जमलं नसतं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, सांगितलंत ते बरं केलंत.

कॅमेरावाला यांचा अंदाज बरोबर निघाला. त्याचेही व्हिडिओ कुणीतरी घाण जाहिरातींत बसवले होते, म्हणून त्याने एम्बेड बंद केलं होतं. आमच्या साइटवर जाहिरात नाही हे त्याने फोन चालू असतानाच उघडून पाहिलं. १४ पैकी ११ व्हिडिओंना आज सकाळी त्याने एम्बेड पुन्हा चालू केलं. उरलेल्या तिनांत एका मंडळीच्या मालकाची हरकत आहे, ते आम्ही पानावरून काढले. बाकीच्या ४८ व्हिडिओंच्या मालकांना एकेक करून लिहायला घेतलंय, १९ जणांची उत्तरं आली आहेत आणि सगळी होकाराची.

जात्यावरची ताई, तुमचं बोलणं मी त्याला वाचून दाखवलं. आता प्रत्येक व्हिडिओखाली चित्रीकरण कुणाचं, भूमिका कुणाच्या, पेटी, पखवाज आणि झांज कुणाची असं सगळं लिहितोय. नटांची नावं मिळतायत, वादकांची मिळत नाहीत. माझी आई बघायची त्या आड दशावताराच्या व्हिडिओत पखवाजावर एक वयस्कर गृहस्थ आहेत, डोक्याला तांबडा मफलर, डाव्या हाताला जाड घड्याळ. संकासूर मंडपात येतो तेव्हा ते मान वर करून त्याच्याकडे बघतात आणि हात न थांबवता हसतात. चित्रीकरण करणाऱ्याला त्यांचं नाव माहीत नाही, मंडळी आता मोडली आहे. कुणाला ठाऊक असेल तर इथेच लिहा, तेवढी एक ओळ पानावर रिकामी ठेवली आहे.